घरच्या घरी कस्टमायझेशन करायचं ठरलं, पण डेव्हलपर लायसन्स कुठलं घ्यायचं? एका कंपनीचं पूर्ण प्रकरण

आमच्या बिझनेस सॉफ्टवेअरमध्ये सेल्स ऑर्डरच्या पेजवर एक फील्ड, म्हणजे माहिती भरायची एक जागा, हवं होतं. ग्राहकाचा गेटपास नंबर टाकायला, बाकी काही नाही. ते पार्टनरकडून, म्हणजे सॉफ्टवेअर विकून त्यात बदल करून देणाऱ्या कंपनीकडून, यायला 11 दिवस लागले, त्यातले बहुतेक दिवस एस्टिमेट, अप्रूव्हल आणि "पुढच्या आठवड्यात घेतो" यातच गेले आणि प्रत्यक्ष काम होतं पाऊण तासाचं. त्याच आठवड्यात मॅनेजमेंटने ठरवलं की आता आपले दोन डेव्हलपर ठेवायचे आणि असली कामं घरातच करायची. डेव्हलपर मिळाले पण, दोघेही चांगले, एक जुना जाणता आणि एक तरुण, शिकायला एकदम उत्सुक. मग प्रश्न आला डेव्हलपर लायसन्सचा, म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये बदल करायच्या परवानगीचा, आणि तो माझ्याकडे आला कारण आयटी माझ्याकडे होतं.

ही गोष्ट 2017 ची. कंपनी मशीनचे स्पेअर पार्ट विकणारी, तीन गोदामं, सत्तरेक युजर, आणि सॉफ्टवेअर मायक्रोसॉफ्ट डायनॅमिक्स नॅव्ह 2016, विक्री, स्टॉक आणि अकाउंटिंग एकत्र सांभाळणारं, आपल्याच सर्व्हरवर. तेव्हा माझं पहिलं मत होतं की सगळ्यात वरचं डेव्हलपर लायसन्स घेऊन टाका, एकदाच काय तो खर्च, परत कोणाकडे जायला नको. ते मत चुकीचं होतं. ते कसं बदललं आणि शेवटी काय घेतलं ते नीट लिहितोय, कारण सॉफ्टवेअर कुठलंही असो, माझ्यासारखेच बरेच जण हा निर्णय उलट्या बाजूने घेतात, आधी लायसन्स ठरवतात आणि मग कामं शोधतात.

नॅव्ह ज्यांनी वापरलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. इथे लायसन्स म्हणजे एक फाईल, आणि त्या फाईलमध्ये युजर किती, मॉड्यूल कुठली एवढंच नसतं, तर कुठल्या नंबरच्या ऑब्जेक्टवर तुम्हाला काय करायची परवानगी आहे, वाचायची, लिहायची, चालवायची, हे सगळं त्यात असतं. प्रत्येक ऑब्जेक्टला, म्हणजे टेबल, पेज, रिपोर्ट, आणि कोड ज्यात राहतो ते कोडयुनिट, याला नंबर असतो आणि कस्टमरच्या स्वतःच्या ऑब्जेक्टसाठी 50000 ते 99999 हा पट्टा राखलेला आहे. पण पट्टा आपला म्हणजे त्यातले सगळे नंबर आपले असं नाही, जेवढे विकत घेतले तेवढेच चालतात. आमच्या फाईलमध्ये 10 टेबलं होती, 50000 ते 50009. पेजेस आणि रिपोर्ट प्रत्येकी 100. कोडयुनिट मोजकेच.

याच्यावर डेव्हलपरचे दोन मोठे टप्पे होते जे वेगळे विकत घ्यावे लागायचे. एक ॲप्लिकेशन बिल्डर, ज्यात तुम्ही सी-एएल या नॅव्हच्या स्वतःच्या भाषेत स्वतःचे बिझनेस रूल लिहू शकता, नवीन फंक्शनॅलिटी उभी करू शकता, मेन्यू बनवू शकता. आणि दुसरा सोल्यूशन डेव्हलपर, ज्यात तुमचा हात थेट त्या कोडपर्यंत पोचतो जो राईट-प्रोटेक्टेड टेबलांमध्ये नोंदी टाकतो. राईट-प्रोटेक्टेड म्हणजे टेबल 17 जी-एल एन्ट्री, 21 कस्टमर लेजर एन्ट्री, 32 आयटम लेजर एन्ट्री वगैरे, ज्यात पोस्ट झालेले, म्हणजे पक्के नोंदले गेलेले, व्यवहार राहतात. तिथे कोणी सरळ जाऊन लिहू शकत नाही, पोस्टिंगच्या कोडयुनिटमधूनच नोंद जाते, विक्रीसाठी 80, खरेदीसाठी 90, आणि त्यांच्या खाली 12 आणि 22. अकाउंटिंगचा सगळा भरवसा या चार-पाच कोडयुनिटवर उभा असतो. तिथे एक ओळ चुकली तर स्टॉक आणि खातं एकमेकांशी जुळेनासं होतं आणि ते कळतं महिनाअखेरीला.

आमच्या तरुण डेव्हलपरला सोल्यूशन डेव्हलपरच हवं होतं. त्याचं म्हणणं ऐकून घेण्यासारखं होतं. तो म्हणाला, "सर, रात्री पोस्टिंग अडकलं आणि पार्टनर फोन उचलत नसेल तर आपण काय करणार? कोड समोर दिसतोय, चूक दिसतेय, आणि हात लावता येत नाही." यावर माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं. जाणता डेव्हलपर मात्र म्हणाला की आधी मागच्या दोन वर्षांत आपण काय काय करून घेतलं ते काढा. मला वाटतं संपूर्ण प्रकरणात सगळ्यात कामाचं वाक्य हेच होतं.

मग आम्ही तिघांनी मिळून पार्टनरला पाठवलेल्या सगळ्या रिक्वेस्ट मेलमधून शोधून काढल्या, दीडशेच्या आत होत्या, आणि एकेक वाचून ठरवायला लागलो की हे करायला लायसन्समधलं नक्की काय लागलं असतं. तीन दुपारी गेल्या. निम्म्याहून जास्त निघाले रिपोर्ट. इन्व्हॉइसचा फॉरमॅट बदला, पिक लिस्टवर बिन कोड मोठा करा, आउटस्टँडिंग ग्राहकाऐवजी सेल्समनप्रमाणे दाखवा. आणि रिपोर्ट डिझायनर तर आमच्या लायसन्समध्ये पहिल्यापासून होता! आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं आणि आम्ही विचारलं पण नव्हतं. डेव्हलपमेंट एन्व्हायर्नमेंट उघडून टूल्समध्ये लायसन्स इन्फर्मेशन बघितलं की सगळी यादी समोर येते, ती आम्ही इतक्या वर्षांत एकदाही वाचली नव्हती. मला याचं खरंच वाईट वाटलं, कारण ते पैसे गेले होते.

त्यानंतरचा मोठा गठ्ठा फील्ड आणि पेजचा, तो गेटपास नंबरवाला. त्यालाही टेबल आणि पेज डिझायनर पुरतो, फक्त स्टँडर्ड टेबलात टाकलेलं नवीन फील्डसुद्धा 50000 च्या पुढचाच नंबर घेतं हे लक्षात ठेवायचं. मग उरले बिझनेस रूल, म्हणजे ठराविक ग्राहकाला ठराविक गोदामातूनच माल, मार्जिन अमुकच्या खाली गेलं तर ऑर्डर रिलीज होऊ नये, अशी पंचवीसेक कामं. यांना सी-एएल लिहावं लागतं, म्हणजे ॲप्लिकेशन बिल्डर आणि स्वतःचे जास्तीचे कोडयुनिट. आणि शेवटी पोस्टिंगमध्ये हात घालावा लागेल अशी किती? सहा. दोन वर्षांत सहा.

त्या सहातली पण चार आम्ही परत तपासली. नॅव्ह 2016 मध्ये इव्हेंट आले होते, म्हणजे मूळ कोडात ठराविक जागी एक हाक मारून ठेवलेली असते आणि तुम्ही तुमच्या कोडयुनिटमधून त्या हाकेला ओ देऊ शकता, मूळ ऑब्जेक्टला हात न लावता. कोडयुनिट 80 मध्ये पोस्टिंग सुरू व्हायच्या आधी ऑन-बिफोर-पोस्ट-सेल्स-डॉक नावाचा इव्हेंट आहे. आमची क्रेडिट लिमिटची जादा तपासणी, कागदपत्रं पूर्ण आहेत का ते बघणं, हे सगळं तिथे बसत होतं. पार्टनरने मात्र हेच काम थेट कोडयुनिट 80 च्या आत दहा-बारा ओळी टाकून केलेलं होतं. चालत होतं, पण प्रत्येक अपडेटला त्या ओळी परत मर्ज करायला लागायच्या आणि त्याचे तास लागायचे. खरोखर मूळ कोडाशिवाय होणारच नाहीत अशी कामं राहिली दोन, दोन्ही आयटम लेजरमध्ये लाइनवरची जादा माहिती नेण्याची, कारण तिथे आम्हाला हव्या त्या जागी तेव्हा इव्हेंट नव्हता.

म्हणजे सगळ्यात वरचं लायसन्स दोन कामांसाठी. हे कागदावर दिसल्यावर माझा पहिला विचार सुटला.

पण निर्णय व्हायच्या आधी एक प्रसंग घडला, आणि त्याने मला लायसन्सबद्दल जे शिकवलं ते कुठल्याही मीटिंगने शिकवलं नसतं. पार्टनरचा एक कन्सल्टंट आमच्याकडे आला होता, गोदामातल्या इनवर्डचं पेज सुधारायला. त्याच्याकडे त्याच्या कंपनीची डेव्हलपर फाईल होती जी फक्त पार्टनरला मिळते आणि जिच्यात जवळपास सगळं उघडं असतं. अशी फाईल आपल्या सेशनपुरती लावायची असते, त्यासाठी लायसन्स इन्फर्मेशनच्या खिडकीत चेंज असं बटण आहे. त्याच खिडकीत अपलोड पण आहे, ज्याने फाईल सर्व्हरवर जाऊन बसते. त्याने अपलोड दाबलं. संध्याकाळी सर्व्हिस रीस्टार्ट केली, सगळं छान चाललं, त्याने तीन नवीन टेबलं बनवली, 50010, 50011 आणि 50012, टेस्ट केली आणि गेला.

चार-पाच दिवसांनी जाणत्या डेव्हलपरच्या लक्षात आलं की सर्व्हरवर भलत्याच कंपनीच्या नावाची फाईल आहे. हे लायसन्सच्या अटींत बसत नाही, एक दिवससुद्धा नाही, म्हणून त्याने त्याच रात्री आमची फाईल परत लावली आणि सर्व्हिस रीस्टार्ट केली. त्याने बरोबरच केलं. सकाळी सव्वासातला गोदामातून फोन. गाडी दारात लागलेली, इनवर्डचं पेज उघडलं की एरर, तुमच्या लायसन्समध्ये या टेबलाला परवानगी नाही. कारण सरळ होतं, आमचे नंबर 50009 ला संपतात आणि पेज वाचत होतं 50011. टेबल डेटाबेसमध्ये आहे, त्यात चार दिवसांचा डेटा आहे, आणि आम्हालाच तो वाचता येत नाही. गोदामातल्या मुलांनी त्या दिवशी वहीत लिहून माल उतरवला, आणि आम्ही दुपारपर्यंत जुन्या नंबरांमधली दोन रिकामी पडलेली टेबलं शोधून, तिसऱ्याचं काम त्यातच बसवून, डेटा तिकडे हलवला.

त्या दिवसापासून एक साधी एक्सेल शीट सुरू झाली. नंबर, ऑब्जेक्टचा प्रकार, कशासाठी, कोणी बनवलं, कधी, चालू आहे की पडून आहे. त्या शीटमध्ये नोंद झाल्याशिवाय नवीन ऑब्जेक्ट नाही, पार्टनरलाही नाही. आणि दुसरा नियम, आमच्या सर्व्हरवर आमचीच फाईल. जो कोणी काम करेल त्याने त्याच्या मशीनवर करावं आणि आमच्या लायसन्सवर चालतंय हे दाखवून मगच द्यावं. ऑब्जेक्ट बनवायची परवानगी आणि ते चालवायची परवानगी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे आम्हाला असं कळलं.

आणखी दोन गोष्टी आम्ही शोधायला बसल्यावरच सापडल्या, कोणी सांगत नाही म्हणून सांगतो. आमचे गोदामातले चार युजर लिमिटेड प्रकारचे होते. लिमिटेड युजरला वाचायला सगळं मिळतं पण लिहायला मोजून तीन टेबलं, काही ठराविक टेबलं त्या मोजणीतून वगळलेली असतात ती सोडून. तरुण डेव्हलपरने बारकोडचं जे डिझाइन केलं होतं ते एका स्कॅनमध्ये चार टेबलांत लिहीत होतं. त्याच्या फुल युजरवर मस्त चाललं, गोदामात अडलं असतं. डिझाइन बदलून स्कॅनची सगळी माहिती एकाच स्वतःच्या टेबलात घेतली आणि पुढचं काम मागून चालणाऱ्या जॉबवर टाकायचं ठरवलं, आणि तेव्हाही मी म्हटलं की आधी अटी नीट वाचू, कारण मर्यादा चुकवायला मधला रस्ता काढणं हाही भंगच असतो. अटी वाचल्यावर आम्ही तो जॉबवाला बेत सोडला आणि त्या चार युजरना सरळ फुल लायसन्स घेतलं. खर्च झाला, पण रात्री झोप लागते.

दुसरी गोष्ट व्हिज्युअल स्टुडिओची. रिपोर्टचा लेआउट बनवायला दोघांनी व्हिज्युअल स्टुडिओ कम्युनिटी टाकलं होतं, फुकट आहे म्हणून. ते फुकट आहे, पण 250 पेक्षा जास्त पीसी किंवा वर्षाची उलाढाल 10 लाख डॉलरच्या वर असलेल्या कंपनीला रोजच्या कामासाठी ते वापरता येत नाही, काही अपवाद आहेत ते शिक्षण, संशोधन आणि ओपन सोर्सचे. आम्ही उलाढालीतच बाद होत होतो. लेआउटसाठी एसक्यूएल सर्व्हर रिपोर्ट बिल्डर फुकट मिळतो आणि तो पुरतो, त्यामुळे तिकडे गेलो. टेस्ट डेटाबेससाठी एसक्यूएल सर्व्हर डेव्हलपर एडिशन घेतलं, ते 2016 पासून फुकट आहे, फक्त लाइव्ह कामाला वापरायचं नाही.

शेवटी घेतलं ते असं. ॲप्लिकेशन बिल्डर, टेबलं आणि कोडयुनिटची थोडी वाढ, बस. सोल्यूशन डेव्हलपर नाही. ती दोन पोस्टिंगची कामं पार्टनरकडेच ठेवली, पण नवीन अटींवर. एक म्हणजे जे काही बदललं त्याचा सोर्स टेक्स्ट एक्स्पोर्ट करून आम्हाला द्यायचा. बदललेल्या ऑब्जेक्टच्या व्हर्जन लिस्टमध्ये आमचा टॅग हवा आणि कोडात सुरुवात-शेवट दाखवणारी कॉमेंट हवी. आणि पोस्टिंग बंद पडलं तर किती तासांत माणूस हजर, हे करारात लिहून. तरुण डेव्हलपरच्या रात्रीच्या प्रश्नाचं उत्तर मला या कलमात मिळालं. त्याला ते पूर्ण पटलं नाही, आणि मी त्याला दोषही देत नाही.

इथे एक अडचण सांगायलाच हवी. नॅव्हमध्ये लायसन्समधली कुठलीही वाढ पार्टनरमार्फतच मागवावी लागायची. म्हणजे जो तासावर काम करून कमावतो त्याच्याकडूनच आपण असं काहीतरी विकत घेतो ज्याने त्याचे तास कमी होणार. आमच्या पार्टनरने पहिल्या मीटिंगमध्ये सांगितलं की घरात डेव्हलपमेंट केली तर आम्ही सपोर्टची जबाबदारी घेणार नाही. ते म्हणणं सरसकट चुकीचं नाही, दुसऱ्याने बदललेल्या कोडाची जबाबदारी कोण घेईल. पण आम्ही ती यादी दाखवली, कुठली कामं आमच्या स्वतःच्या ऑब्जेक्टमध्ये राहणार आणि मूळ कोड कसा जसाच्या तसा राहणार, तेव्हा सूर बदलला. यादी नसती तर आम्ही फक्त वाद घातला असता.

मागे वळून बघताना जाणवतं की प्रत्येक मोठ्या बिझनेस सॉफ्टवेअरमध्ये ही रेघ कुठेतरी आहेच, आपली जागा आणि त्यांची जागा. सॅपच्या ईसीसी या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक डेव्हलपरची ॲक्सेस की नोंदवून घ्यावी लागायची, आपले ऑब्जेक्ट झेड किंवा वाय ने सुरू, आणि सॅपच्या मूळ ऑब्जेक्टला हात लावायचा तर त्या ऑब्जेक्टची वेगळी की. त्यानंतर आलेल्या एस-फोर-हाना मध्ये त्या कीज गेल्या, पण युजर लायसन्स आहेच. ईआरपीनेक्स्ट हे ओपन सोर्स बिझनेस सॉफ्टवेअर जीपीएल-3 लायसन्सवर आहे, तिथे घरात वापरण्यासाठी काहीही बदला, डेव्हलपर लायसन्सचा विषयच नाही, कोड बाहेर कोणाला दिलात तरच अटी लागतात. तरी तिथेसुद्धा मूळ कोडात घुसलात की अपग्रेडला तोच त्रास, म्हणून तिथले लोकही वेगळं कस्टम ॲप बनवून काम करतात. परवानगी आहे म्हणून मूळ कोड बदलावा असं होत नाही.

पुढे काय झालं ते सांगतो. 2018 मध्ये नॅव्हचं बिझनेस सेंट्रल झालं, आणि ऑक्टोबर 2019 च्या व्हर्जन 15 पासून जुनं सी-साईड, म्हणजे नॅव्हचं डेव्हलपमेंट एन्व्हायर्नमेंट, पूर्ण गेलं. आता सगळं एएल भाषेत, व्हिज्युअल स्टुडिओ कोडमध्ये, आणि एक्स्टेन्शन म्हणून, म्हणजे मूळ कोडाला हात न लावता बाहेरून जोडलेलं ॲप. नॅव्ह 2016 चा मेनस्ट्रीम सपोर्ट एप्रिल 2021 ला संपत होता म्हणून आम्ही 2020 च्या शेवटी निघालो, आधी व्हर्जन 14 आणि तिथून ऑनलाइन. आमच्या स्वतःच्या ऑब्जेक्टचा कोड टेक्स्ट-टू-एएल टूलमधून काढला, बरीच साफसफाई करावी लागली पण रचना टिकली, कारण तो मूळ कोडापासून वेगळाच होता. इव्हेंटवर लिहिलेलं क्रेडिट लिमिट जवळजवळ तसंच्या तसं गेलं. आणि ती दोन पोस्टिंगची कामं, जी मूळ कोडयुनिटच्या आत होती, त्यांनाच एकट्यांना बाकी सगळ्या पोस्टिंग-भोवतीच्या कामांइतका वेळ लागला. 2017 मध्ये आम्ही सोल्यूशन डेव्हलपर घेतलं असतं तर तरुण डेव्हलपरने उत्साहात आणखी किती जागी आत हात घातला असता याचा मी विचार करतो. तो स्वतःही करतो.

बिझनेस सेंट्रल ऑनलाइनमध्ये 50000 ते 99999 पूर्ण पट्टा वेगळे पैसे न देता मिळतो, एएलचं टूल फुकट आहे, प्रॉडक्शनबरोबर तीन सँडबॉक्स, म्हणजे चाचणीच्या जागा, येतात. आम्ही घेतलेल्या ॲप्लिकेशन बिल्डरची आज गरज नाही, पण मधल्या तीन वर्षांत पार्टनरचे जे तास वाचले त्यात त्याचा खर्च निघाला होता. आता कोणी मला विचारतं की डेव्हलपर लायसन्स कुठलं घेऊ, तर मी विचारतो की पार्टनर जे एक्स्टेन्शन देतोय त्याचा सोर्स तुम्हाला मिळणार आहे का. एक्स्टेन्शनच्या ॲप-जेसन फाईलमध्ये रिसोर्स एक्स्पोजर पॉलिसी म्हणून एक सेटिंग असतं, त्यात सोर्स डाउनलोड बंद केलं तर तुमच्याच पैशाने बनलेला कोड तुमचा डेव्हलपर बघू शकत नाही. नंबर फुकट झाले पण ही गोष्ट करारातच लिहून घ्यावी लागते, आणि काम सुरू व्हायच्या आधी.

ती एक्सेल शीट अजून चालू आहे, जाणता डेव्हलपर निवृत्त झाला तरी. आणि तरुण डेव्हलपर आता पोस्टिंगचा कोड रोज वाचतो, बिझनेस सेंट्रलचा मूळ कोड वाचायला उघडाच आहे. जिथे इव्हेंट नाही तिथे तो गिटहबवर मायक्रोसॉफ्टकडे रीतसर मागणी टाकतो, कुठल्या कोडयुनिटमध्ये, कुठल्या ओळीनंतर, कशासाठी. आयटम लेजरच्या त्या दोन कामांपैकी एकासाठी आम्ही अजून मधला उपाय करून चालवतोय, त्याची मागणी त्याने मागच्या महिन्यात टाकली आहे.